निपाणीच्या चौकात नजीबचा फोटो

बेळगाव, ३ मे २०२५

दीपंकर,

अण्णा लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा तुला नावानं हाक मारतेय. वरती जयभीमही घातलेला नाही, कारण आप्पा म्हणतात, रागाच्या पत्रात ते नाव आणू नये. फोनवर तू मला ब्लॉक केलंस. म्हणून हा ईमेल, आणि तोही तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर, म्हणजे उघडावाच लागेल.

मुद्दा एकच आहे आणि तो तुला माहीत आहे. तरी सगळा लिहून काढते, म्हणजे उद्या 'मला कुणी सांगितलंच नाही' असं म्हणायला तोंड उरणार नाही. झरमीना दोन मुलींना घेऊन विनिपेगला उतरली, ती गेल्या वर्षी अठरा जूनला. तुम्ही पाच जणांनी तिची हमी घेतलीत म्हणून उतरली. वर्षभर तिचं घर, किराणा, मुलींची शाळा, दवाखाना हे सगळं तुमच्या गटाकडे, आणि गटाचा म्होरक्या तू. तिचा नवरा नजीब मागे अफगाणिस्तानात अडकला. त्याचं नाव पहिल्या अर्जातच घातलेलं आहे. त्याला बोलवायचा कागद ती उतरल्यापासून वर्षाच्या आत गेला पाहिजे, आणि त्या कागदासोबत त्याच्याही खर्चाची हमी, म्होरक्याच्या सहीनं. म्हणजे सतरा जून. पंचेचाळीस दिवस राहिले.

आणि तू म्हणतोस, आधी तिनं माफी मागावी. कॅमेऱ्यासमोर.

हे मला सौम्यानं सांगितलं. तुमच्या पाचातली, आपल्या गुंजीची नर्स सौम्या. तिच्यावर चिडू नकोस, मीच फोन करकरून तिच्याकडून काढून घेतलं. वीस एप्रिलला तिकडच्या जयंतीच्या कार्यक्रमात तू झरमीनाला स्टेजवर ओढलंस आणि ती सगळ्यांसमोर ओरडली, "फोटू काढायचा न्हाय! किती येळा सांगू?" सौम्या म्हणाली, त्या हॉलमध्ये इतकं अस्सल निपाणीचं मराठी कुणीच बोललं नव्हतं, लोकांना हसावं की गप्प बसावं कळेना. तुझा अपमान झाला म्हणे.

ती ही भाषा आपल्या आईकडून शिकली, विसरलास? बेळगावात एमएस्सी करताना माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी कॉलेजात शिकवायला जायची आणि आईचा दंड धरून अंगणात फेऱ्या मारायची ती. चार महिने. म्हणून तर तिचं नाव मी तुझ्याकडे दिलं. तू हो म्हणालास तेव्हा मला तुझा इतका अभिमान वाटला होता की स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आता त्या पेढ्यांची लाज वाटते.

ती ओरडली का, हे तू लोकांना सांगितलं नसशील. चौदा एप्रिलला निपाणीच्या चौकात तुझा फ्लेक्स लागला. कोटातला तू, हात जोडलेला, आणि खाली झरमीना, नजीब आणि मुली अशा चौघांचा फोटो नावांसकट, 'निपाणीच्या सुपुत्राने जीवदान दिलेले अफगाण कुटुंब'. मंडळाच्या पोरांनी उत्साहात लावला, ते सोड. पण त्याचा फोटो फेसबुकवर तू टाकलास, 'माझ्या मातीने केलेला गौरव' म्हणून. तुझ्यामागे चार हजार लोक, त्यांनी पुढे ढकलला. चौथ्या दिवशी, नजीब ज्या गावात दुसऱ्या नावानं राहून भट्टीवर रोट्या भाजत होता, त्या भट्टीच्या मालकानं त्याच्यासमोर मोबाइल धरला आणि विचारलं, हा तूच ना?

मुलींच्या शाळेत मास्तर होता तो, परदेशी लोकांसाठी भाषांतर करायचा. ते ज्यांना नको होतं त्यांच्यापासून साडेतीन वर्षं लपला होता. आज पंधरा दिवस झाले, त्याचा फोन नाही.

सही कर. कॅमेरा ठेव खाली आणि सही कर.

पारमिता


बेळगाव, १३ मे

दीपंकर,

तुझं सात ओळींचं उत्तर मिळालं. त्यातल्या चार ओळींत तू गटानं तिच्यासाठी काय काय केलं त्याची जंत्री दिलीस, एका ओळीत तिला 'हट्टी' म्हणालास, आणि एका ओळीत आईआप्पांनी आपल्याला द्यायला शिकवलं असं लिहिलंस. त्या ओळीनं माझं डोकं फिरलं.

आईआप्पांनी आपल्याला असं द्यायला शिकवलं? तिच्या हातात महिन्याचे पैसे द्यायचे ठरलेलं असताना तू किराण्याच्या पिशव्या नेऊन देतोस, कारण 'तिला हिशेब जमत नाही'. एमएस्सी झालेल्या बाईला! आणि पिशवी देताना तुझा एक हात पिशवीच्या कानाला, एक हात धाकटीच्या डोक्यावर, आणि डोळे मोबाइलकडे. हे व्हिडिओ मी सगळे बघितलेत. पहिले चार मी लाइकही केलेत. पाचव्यात झरमीना पिशवी घेऊन आत जायला वळते आणि तू म्हणतोस, 'वन मिनिट, वन मिनिट', तिथं मी थांबले. तुझ्या घरच्या पार्टीला तिनं चाळीस माणसांचा पुलाव शिजवला, आणि तू त्याला 'सांस्कृतिक देवाणघेवाण' म्हणालास. देवाण तिची होती. घेवाण कुणाची, ते तू सांग.

तू विचारलंस, फ्लेक्ससाठी फोटो दिला कुणी, दोष त्याचा. तो फोटो आईच्या फोनमध्ये होता, झरमीनानंच प्रेमानं पाठवलेला. घरातल्या कुणी तरी दिला असेल. मुद्दा तो नाही. मुद्दा सही आहे.

काल पौर्णिमेला निपाणीला गेले होते. विहारातून बाहेर पडताना मंडळाच्या शामूनं गाठलं. तो फार खुशीत होता.

"आक्का, अण्णा बावीस जूनला येनार न्हवं? हॉल धरलाय. शाल, फेटा, सन्मानचिन्ह, सगळं तयार. त्यास्नी म्हणावं, त्या बाईलाबी घिऊन या."

"ती बाई काय सन्मानचिन्ह आहे, शामू?"

"तसं न्हवं ओ. लोकं बघायला येत्यात की."

मी त्याच्याशी भांडले नाही. भांडणार होते, पण तेवढ्यात त्याच्या घरामागे लक्ष गेलं. फ्लेक्स उतरवून त्यानं सरपणावर टाकला होता, कडेला चार विटा. तू खालच्या बाजूला दुमडला गेला होतास. वर होता नजीब. मुलीला कडेवर घेतलेला, हसणारा, गालावर कावळ्याची शीट.

मी म्हणाले, हा फ्लेक्स मला दे. शामू म्हणाला, "वळवाचा पाऊस येतोय आक्का, सरपण भिजंल." मग मी त्याच्या बायकोकडून कातर मागून आणली आणि त्या चौघांचा चौकोन कापून घेतला. ती बघत उभी राहिली, बहुतेक तिला वाटलं मॅडमचं काही तरी बिनसलंय. बिनसलेलंच आहे. तो तुकडा घडी करून माझ्या पर्समध्ये आहे आणि मला तो बाहेर काढवत नाही.

पस्तीस दिवस राहिले.

पारमिता


बेळगाव, २९ मे

दीपंकर,

नजीब जिवंत आहे. काल त्याचा फोन आला, पाऊण मिनिटाचा, दुसऱ्या कुणाच्या तरी नंबरवरून. तो दुसऱ्या शहरात आहे, कुठं ते झरमीनानं मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आता ती मला असल्या गोष्टी सांगत नाही. तेही बरोबर आहे. कारण मी तिला खरं सांगितलं. आता तुलाही सांगते.

फोटो मी दिला. मंडळाच्या पोरांनी नाही, आईनं नाही. शामूचा फोन आला, आक्का, त्या लोकांचा एक चांगला फोटो द्या. आईच्या फोनवरून मी माझ्या फोनवर घेतला आणि त्याला पाठवला. माझ्याकडे झरमीना आणि मुलींचा, विनिपेगच्या बर्फातला फोटो होता. तो चालला असता. पण त्यात बाप नव्हता, कुटुंब अर्धवट दिसत होतं. मला पूर्ण कुटुंब पाहिजे होतं. 'जीवदान' हा शब्दही माझा. शामूनं नुसतं 'मदत' लिहिलं होतं, मला ते बेतास बात वाटलं. नावांचं शुद्धलेखन मीच तपासून दिलं, खडेबाजारच्या फ्लेक्सवाल्याकडे उभी राहून. फिजिक्स शिकवणारी बाई मी. लपलेल्या माणसाचं नाव मोठ्या अक्षरांत छापताना माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की हा माणूस लपलेला आहे.

का केलं, तेही तुला ठाऊक असेल. आपल्या घराचं नाव त्या चौकात कधी लागलं होतं? आप्पा एकतीस वर्षं तहसील कचेरीत शिपाई होते, निवृत्तीला एक नारळ आणि अर्धा कप चहा. आईच्या आयुष्यात तर नारळही नाही. मला चौकातनं जाताना मान वर करून जायचं होतं. गेलेही. तीन दिवस मुद्दाम त्याच रस्त्यानं गेले. मी किती टेंभा मिरवला, ते आता आठवलं की कानशिलं तापतात.

झरमीनाला फोनवर सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "माफ न्हाय करत." आणि त्याला जोडूनच, "पर काम कर. सही आण."

म्हणून आता माझ्याकडे बोट दाखवून सुटायचं नाही. दोष माझा आहे, तो मी तिच्यापुढे कबूल केला आणि तिनं तो माझ्या पदरात टाकला. तो तिथंच राहणार. पण पेन तुझ्या हातात आहे. मी लाख रडले तरी माझ्या सहीनं नजीबचा कागद हलत नाही.

तुझी ती अट, माफीच्या व्हिडिओची, ती मी आज शांतपणे विचारात घेऊन बघितली. खरंच घेतली. झरमीना सोफ्यावर बसणार, 'सगळा गैरसमज होता, दीपंकरसरांचे आमच्यावर उपकार आहेत' म्हणणार, आणि ते तू पुन्हा चार हजार लोकांना दाखवणार, बावीस तारखेच्या सत्काराआधी. म्हणजे नजीबला शोधणाऱ्यांना परत एकदा आठवण. दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या मालकाच्या मोबाइलवर परत तेच. हे तुला कळत नाही असं नाही. तुला कळतंय आणि तरी पाहिजे, म्हणून मी इतकी चिडलेय. चूक मी न कळून केली, तू कळून करतोयस.

एकोणीस दिवस.

पारमिता


निपाणी, ८ जून

दीपंकर,

आप्पांना सांगू नकोस, असं तू सौम्याकडून मला कळवलंस. त्या सात ओळींनंतर माझ्यासाठी तुझा एवढाच निरोप. तेव्हाच मी ठरवलं, की आप्पांना सांगायचं.

आज सकाळी सांगितलं. माझी चूकही सांगितली, ती आधी. आप्पांनी ऐकलं, चष्मा काढून पुसला, आणि त्यांच्या फोनवरून तुला फोन लावायला सांगितलं. त्यांचा नंबर बघून तू उचललास. बोलणं तू ऐकलंस, पण तुझ्या आवाजापुढे तुला किती ऐकू आलं माहीत नाही, म्हणून त्यांचे शब्द लिहून ठेवते.

"दीपू, कचेरीत मी काय करत हुतो? फायली उचलून सायबाच्या टेबलावर ठेवत हुतो. खेड्यातली मानसं भायेर वट्ट्यावर बसल्याली असायची, दोन-दोन दिस, भाकरी बांधून. आन् सायब पेन हातात घिऊन गप्पा मारत बसायचा. त्येला सही करायची नसायची आसं न्हवं. त्येला त्या मानसास्नी बसल्यालं बघायला बरं वाटायचं. आसली मानसं मी एकतीस वर्सं बघितल्यात. आपल्या घरात निघंल आसं वाटलं न्हवतं, बाबा."

तू म्हणालास, "आप्पा, तुम्हाला तिकडचं कळत नाही. अजून एक माणूस म्हणजे अजून एक वर्षाचा खर्च. इथं माझंही घर आहे."

आप्पा म्हणाले, "मग पैल्यांदा फार्मावर त्येचं नाव का घातलास?"

आणि तू फोन ठेवलास. त्यानंतरचं सांगते, ते तुला माहीत नाही. आप्पांनी धुतलेला सदरा घातला आणि काठी घेऊन शामूच्या घरी गेले. मी मागोमाग. शामू त्यांच्या पाया पडायला वाकला, तर आप्पांनी पाय मागे घेतले.

"माझ्या पोराचा सत्कार करायचा न्हाय," म्हणाले. "हॉलचं पैसं गेलं आसलं तर माझ्या पेन्शनमधनं घ्या."

"पर का, आप्पा? काय चुकलं का आमचं?"

"तुमचं न्हाय. आमच्यातलंच चुकलंय."

शामूला काही समजेना. त्यानं माझ्याकडे बघितलं. आमच्यातलं म्हणजे त्यात मीही आले. परत येताना आप्पा दोनदा वाटेत बसले. आजचा दिवस जेवले नाहीत, आणि ते तुला कळवायचं नाही असं मला बजावलंय. मी कळवतेय.

सौम्या म्हणते, मुदतीच्या आत तू सही केली नाहीस तर उरलेले चौघे, ज्या संस्थेमार्फत तुम्ही ही हमी घेतलीत, तिला लेखी कळवणार, की म्होरक्यानं हमी अडवली. चौघांच्या सह्या त्या पत्रावर झाल्यात. नागेंद्रचीही, ज्याला तू 'माझा माणूस' म्हणतोस. म्हणजे आता तुझ्यापुढं दोन कागद आहेत. एकावर तुझी सही लागते, दुसऱ्यावर लागत नाही.

पारमिता


निपाणी, १८ जून

दीपंकर,

सोळा तारखेला तू सही केलीस. कागद काल पोचला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सौम्यानं पोच पाठवली. पुढच्या महिन्यापासून झरमीना आणि मुली सौम्याच्या घराजवळ राहायला जाणार आहेत. गटाचं कामही आता सौम्याच बघणार, हे तुला कळलं असेल. नजीब यायला आता किती महिने लागतील, वाटेत काय होईल, कुणाला माहीत. पण त्याचा कागद रांगेत आहे. त्यासाठी तुझे आभार मी मानणार नाही.

मानलेही असते कदाचित. पण मग तू घरच्या ग्रुपवर तो फोटो टाकलास.

टेबल, टेबलावर हमीचा कागद, तुझ्या हातात पेन. कागदावर टेकवलेलं नाही, वर धरलेलं. शेजारी झरमीना, आणि ती हसतेय. सही करायच्या आधी तू तिला शेजारी उभं केलंस, हो ना? सौम्याला विचारलं. ती म्हणाली, हो, आणि फोटो आधी दोनदा नीट आला नाही म्हणून तिसऱ्यांदा काढला.

मी तो फोटो आईला दाखवणार नव्हते. आप्पांच्या फोनवर तिनं आपणच बघितला. बोटांनी मोठा करून, डोळ्यांजवळ नेऊन, बराच वेळ.

"ही हासाय लागलीया व्हय गं?" म्हणाली. "हासाय लावलंया हिला."

आई भिंतीला टेकून बसली आणि जे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं, तुलाही नसणार, ते सांगायला लागली. तंबाखूच्या वखारीत होती तेव्हाचं. "दिवाळीला मालकीन जुनी लुगडी वाटायची. पावण्यास्नी बोलवून, त्येंच्याम्होरं. लायनीत हुबं करायची. लुगडं घ्यायचं आन् हासायचं. एक हुती आमच्यात, अक्काताई म्हनून, ती न्हाय हासली. तिला दुसऱ्या दिवशी वखारीत घेतलं न्हाय. मग आमी समद्या हासलो. मी सात वर्सं हासलो."

मग तिनं मला झरमीनाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. तिकडं सकाळ होती, मागे मुलींची शाळेची गडबड चाललेली. आईनं विचारपूस केली नाही, सरळ म्हणाली, "झरमी, सही झाली न्हवं? मग आता त्येच्याम्होरं हासू नगंस."

झरमीना म्हणाली, "आई, नजीब येइस्तोवर तरी..."

"न्हाय. त्येनं कबूल केल्यालं काम केलं. उपकार न्हाय केला. तू त्येचं कायबी लागत न्हाईस. त्यो माझा पोरगा हाय म्हनून सांगतो. दारात आला तर हासायचं न्हाय, बस म्हनायचं न्हाय. तोंड फिरवून आत जायाचं. माझी शपथ हाय."

झरमीनानं फोन ओट्यावर उलटा ठेवला. आम्हाला नुसता काळा पडदा दिसत होता आणि तिचं रडणं ऐकू येत होतं. मुलींनी काय झालं म्हणून विचारलेलंही ऐकू आलं. आईनं फोन कापू दिला नाही. ती परत येईपर्यंत आम्ही दोघी तसंच बसून राहिलो. परत आली ती तोंड धुऊन. तिनं फक्त मान हलवली. हसली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तू पिशवी घेऊन तिच्या दारात जाशील आणि ती तोंड फिरवून आत जाईल, तर तिला हट्टी म्हणू नकोस, आणि गटाकडे तक्रारही नेऊ नकोस. तसं वागायला तिला तुझ्या आईनं सांगितलंय. मी शेजारी बसून ऐकलंय.

पारमिता